मी दाबलं होतं

सकाळी ७.३०

चहाचं आधण ठेवलं आणि गॅसपुढे उभ्यानेच फोन उघडला. रात्री पावणेदोनला नागपूरहून मेसेज येऊन पडला होता. ‘मी दाबलं होतं ताई.’ खाली सामन्याचा नंबर. बाकी काही नाही.

हा मुलगा आमच्या अकरा टेस्टरांपैकी एक. हॉस्टेलच्या खोलीत, जुन्या लॅपटॉपवर, बाकीचे झोपले की आमचा अर्धामुर्धा झालेला खेळ खेळतो आणि जे दिसलं ते दोन ओळींत कळवतो. तक्रार करायची त्याला सवय नाही.

आम्ही फायटिंग गेम बनवतोय. दोन लढवय्ये समोरासमोर, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या, मधे घड्याळ. आमचे लढवय्ये कोल्हापूरच्या मातीतले आहेत: एक मल्ल, एक दांडपट्टा फिरवणारी, एक लाठीवाला. चौथा अजून कागदावर आहे. पुण्यात तीन खोल्यांच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण दोन वर्षं ह्याच्यामागे आहोत. माझ्याकडे लढाईचं खातं. कुठली हालचाल किती वेळ चालेल, कुठे लागेल, लागल्यावर समोरचा किती वेळ जागचा हलणार नाही, हे सगळं मी ठरवते.

‘मी दाबलं होतं’ हे हरलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माझा मोठा भाऊ हेच म्हणून मशीनला थाप मारायचा. बहुतेक वेळा उशीर हाताचाच झालेला असतो. पण हे वाक्य मी कधी कानाआड करत नाही. जिंकणाऱ्याला खेळ नेहमी बरोबरच वाटतो. खेळ जगतो तो हरणाऱ्याच्या भरवशावर. आपण कशामुळे पडलो हे त्याला कळलं, पटलं, तर तो पुन्हा नाणं टाकतो. नाही पटलं तर उठून जातो, आणि त्याचं उठून जाणं योग्यच असतं.

सकाळी ९.१५

पोचल्या पोचल्या त्या सामन्याची नोंद उघडली. हिच्यात चित्रं नसतात. कुणी कुठल्या फ्रेमला कुठलं बटण दाबलं एवढंच असतं, आणि त्यावरून खेळ पूर्ण लढत पुन्हा उभी करतो. फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. जवळजवळ सगळेच फायटिंग गेम ह्या ६०च्या ठेक्यावर चालतात. एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, पापणी लवते तेवढ्यात अशा कितीतरी फ्रेम निघून जातात. आमची सगळी भाषा ह्याच मापात चालते. ‘ही लाथ चारची’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, लाथ लागायला चार फ्रेम लागतात.

तिसरी फेरी, घड्याळात १८ सेकंद शिल्लक. समोरचा मल्ल मातीतून उठतोय आणि उठता उठताच त्याने धोबीपछाडीची पकड टाकली. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, तशी आमच्याकडेही आहे. हात पोचायला ५ फ्रेम, आणि पकड बसल्यापासून ७ फ्रेमच्या आत तोडीचं बटण दाबलं तर सुटका. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण १२ ते १५ फ्रेम लागतात. म्हणजे नुसतं बघत बसणाऱ्याला तोड मिळत नाही. समोरच्याच्या मनात काय आहे ह्याचा थोडा वास आधी यावा लागतो.

पोराने तोड दाबली होती नवव्या फ्रेमला.

एकेक फ्रेम पुढे सरकवत मी तीनदा मोजलं. नऊच. ‘दाबलंस खरं, पण दोन फ्रेम उशिरा’ असं त्याला लिहिलं आणि पाठवायच्या बटणावर बोट नेऊन थांबले. हा मुलगा आजवर शंभरेक सामने हरला असेल. एकदाही त्याने असं म्हटलं नव्हतं. मेसेज तसाच ठेवला आणि त्याला विचारलं, तुझ्याकडे त्या वेळचं काही चित्रण आहे का?

सकाळी १०.००

आजचं ठरलेलं काम धोबीपछाडच.

गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते तेव्हा काकांना म्हटलं, ‘काका, तुम्ही डाव मारून दाखवा, मी फोनवर घेते.’ काका तालमीत वस्ताद आहेत, साठी ओलांडली आहे. त्यांनी एका पोराला हौद्यात घेतलं आणि सकाळभर तोच डाव मारला. मी कधी बाजूने, कधी समोरून, कधी हौद्याच्या कडेवर पालथी पडून घेत होते. ताक, हळद, लिंबू, तेल घातलेल्या तांबड्या मातीचा वास माझ्या फोनच्या कव्हरला आठवडाभर होता.

ही रीत आमची नव्हे. जॉर्डन मेक्नरने १९८४च्या ‘कराटेका’साठी आपल्या कराटे शिक्षकाच्या हालचाली सुपर ८ फिल्मवर घेतल्या होत्या आणि त्या चित्रांवरून एकेक आकृती गिरवली होती. चाळीस वर्षांनी आम्ही तेच करतो, फक्त फिल्मच्या जागी फोन आला.

खरा डाव फोनवर मोजला तर ७० फ्रेम भरला. खेळात इतका वेळ कुणी देत नाही. म्हणून मी तो ४२वर आणला आणि अकरा चित्रं त्यावर सारखी वाटली, साधारण चार-चार फ्रेमला एक. हिशेब चोख होता. चालवून पाहिलं तर मल्ल समोरच्याला असा ठेवत होता जसं हमाल गव्हाचं पोतं अलगद उतरवतो. काकांना पाठवलं. त्यांचा फोन आला, ‘पोरी, ह्यात वजन कुठं हाय? माणूस पाठीवर आला की खालचा क्षणभर गप हुभा राहतो. तिथं दम धरतो. मग टाकतो. तू त्याला दमच धरू दिला न्हाईस.’

पुन्हा फिल्म पाहिली. खरंच होतं. हात ओढला, पाठ वळली, समोरचा कमरेवर आला, आणि तिथे काका थांबले होते. अगदी थोडं. गुडघे किंचित खाली, मानेची शीर ताठ, पायाची बोटं मातीत रुतलेली. तो थांबा माझ्या चित्रांत नव्हताच.

आज तो घातला. पाठीवर घेतलेल्या चित्राला चारच्या जागी ११ फ्रेम दिल्या. त्यानंतरच्या फेकीची पाच चित्रं होती, त्यातली तीन काढून टाकली. उरलेली दोन, दोन-दोन फ्रेमची. म्हणजे उचलणं सावकाश, थांबणं लांब आणि पडणं जवळजवळ दिसतच नाही. एकदम माती उडालेली दिसते. तीन चित्रं ज्याने आठवडाभर खपून रंगवली होती तो आमचा चित्रकार शेजारीच बसला होता. त्याने दोनदा चालवून पाहिलं आणि म्हणाला, ‘काढ. बरोबर आहे.’ आमच्या धंद्यात ह्याहून मोठं मन मी पाहिलेलं नाही.

मग हिटस्टॉप. फटका बसतो त्या क्षणी दोघांनाही जागच्या जागी गोठवायचं, काही फ्रेम. खेळणाऱ्याला हे दिसत नाही, पण बोटांना कळतं. त्याशिवाय ठोसा म्हणजे एका चित्राने दुसऱ्या चित्रातून जाणं. जमिनीवर आपटण्याचा हिटस्टॉप ९ होता. मी ११चा एक आणि १३चा एक केला आणि आमच्या धाकट्या प्रोग्रॅमर मुलीला न सांगता तिन्ही आळीपाळीने खेळायला दिले. ती पाचव्या वेळी म्हणाली, ‘ताई, हा मधला. ह्यात पाठ लागली असं वाटतं. त्या तिसऱ्यात कॉम्प्युटर अडकल्यासारखा वाटतो.’ मधला म्हणजे ११. ठेवला.

दोन फ्रेम वाढवल्या म्हणजे तेवढ्यावर भागत नाही. गोठलेल्या वेळात खेळणाऱ्याला पुढचं बटण आधीच दाबून ठेवता येतं, त्यामुळे डावानंतरची लाथ, जी काल लागत नव्हती, ती आज लागायला लागली. कॉम्बो हा प्रकार जन्मालाच असा आला. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये (१९९१) गाडी फोडायची एक बोनस फेरी होती. ती तपासताना नोरिताका फुनामिझू ह्यांच्या लक्षात आलं की एका ठोशाच्या पोटात दुसरा बसवता येतोय. कुणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं ते. त्यांना वाटलं, इतकं नेमकं कुणाला जमणार, राहू दे. जमलं. त्या वेळेपासून आजवरचा प्रत्येक फायटिंग गेम त्या राहू दिलेल्या चुकीवर उभा आहे. म्हणून नवी लाथ मी लगेच बुजवली नाही. यादीत लिहून ठेवली: ‘बघू, पोरं काय करतात.’

दुपारी १.१५

डबे. माझ्याकडे मेथीची भाजी आणि ठेचा. बोलणं फिरून फिरून लहानपणच्या खेळांवर येतं. वयाने मोठे तेवढे सगळे ‘मुस्तफा’वाले. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हे आम्हाला फार पुढे समजलं. गल्लीत तो मुस्तफाच होता.

आज धालसिमचा विषय निघाला. फायटिंग गेममधला भारतीय म्हटलं की जगाला आजही ‘स्ट्रीट फायटर २’चा धालसिम आठवतो: गळ्यात कवट्या, तोंडातून आग, आणि पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत लांब होणारे हातपाय. धाकटीला तो खटकतो. मला तो रचनेच्या दृष्टीने फार आवडतो. लांबून मारणारा पण हळू, हात लांब केला की त्या हातावरच फटका खाणारा. एका माणसात केवढा विचार आहे. पण त्याच्यात आमच्या तालमीचं काही नाही. १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं, खासबाग मैदान त्याच्याही चाळीस वर्षं आधी शाहू महाराजांनी उभं केलं. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी ही नावं ज्यांच्या कानावर रोज पडतात अशी लाखो माणसं आहेत आणि त्यांच्यातल्या एकालाही आपला डाव पडद्यावर बटण दाबून मारता आलेला नाही. मला हे करायचंय. दोन वर्षं कमी पगारावर मी इथे बसले आहे ती ह्यासाठी.

दुपारी २.००

शड्डूचं काम. मांडीवर थाप मारून आव्हान देण्यासाठी आमच्याकडे वेगळं बटण आहे. त्याने कुणाची ताकद कमी होत नाही, काही मिळत नाही, तरी टेस्टर ते सारखं दाबतात. तालमीत घेतलेला आवाज खेळात मात्र पोचट वाटत होता. आवाजाचं बघणारा गडी म्हणाला चांगला माइक हवा. फाइल मोठी करून पाहिली तेव्हा थापेच्या आधी ४१ मिलिसेकंद नुसती शांतता होती. म्हणजे हात मांडीवर पोचतो आणि आवाज अडीच फ्रेमने मागून येतो. ती शांतता कापली. माइक तोच, मांडी तीच, आवाज तोच. आता पंख्याच्या घरघरीतही धाकटीने खुर्चीतून मागे वळून बघितलं.

दुपारी ३.००

मीटिंग. पैशाचा भाग आटोपता घेतला, कारण त्यात रोजचंच आहे. एक लढवय्या उभा करणं किती महाग पडतं ह्याचा जाहीर हिशेब ‘स्कलगर्ल्स’वाल्यांनी २०१३मध्ये लोकवर्गणी मागताना मांडला होता: एका पात्रासाठी दीड लाख डॉलर, त्यात आठ माणसांचा दहा आठवड्यांचा पगार. तो आकडा आम्ही भिंतीवर लावला आहे. आमच्याकडे त्याच्या जवळपासही काही नाही, म्हणून चौथा लढवय्या अजून कागदावर.

वाद झाला तो तोडीवर. नवे टेस्टर धोबीपछाडीत फार पडतात. ७ फ्रेमच्या १० करा, असं दोघांचं म्हणणं. सकाळच्या मेसेजमुळे माझाही पाय घसरत होता. दहा केल्या असत्या तर नागपूरच्या पोराची तोड निघाली असती आणि मला कुणाला काही सांगायला लागलं नसतं.

तरी मी नाही म्हटलं. २००४च्या इव्हो स्पर्धेतली ती लढत आमच्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहे. ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’, दाइगो उमेहारा केन घेऊन, जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. केनची पट्टी इतकी संपलेली की नुसता बचाव केला तरी त्यातून झिरपणाऱ्या माराने तो मेला असता. चुन-लीने पंधरा फटक्यांचा मारा सोडला. दाइगोने प्रत्येक फटक्याला वेगळी तोड दिली, पंधराच्या पंधरा, आणि उलटून जिंकला. सभागृहातली माणसं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. ती तोड सैल असती तर त्या आरोळीला अर्थच उरला नसता. तोड अवघड असते म्हणून डावाला मान असतो. खेळणाऱ्याला मदत करायची तर पकडीआधीचा हात थोडा ठळक काढा, आवाज द्या, सरावाची खोली द्या. घड्याळ सैल करू नका.

सात राहिल्या. पण मग त्या सात फ्रेम सगळ्यांना सारख्याच मिळायला हव्यात, ही जबाबदारी आमची, असं मी म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

दुपारी ४.१०

नागपूरहून व्हिडिओ आला. खोलीतल्या मित्राने फोनवर लॅपटॉपचा पडदा घेतला होता. तिरका, हलता, मधे कुणाचंतरी डोकं. पण तिसरी फेरी त्यात होती. घड्याळात १८. मल्ल उठतो, हात टाकतो, पकड बसते, आणि पडद्यावर आमचं पिवळं ‘तोड’ झळकतं.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. पोटात गोळा आला.

त्याच्या पडद्यावर तो सुटला होता. सुटून त्याने समोरच्याला लाथ घातली होती. त्यानंतर समोरचा वेड्यासारखा रिकाम्या जागेत हात मारत राहिला, आणि काही सेकंदांनी ‘संपर्क तुटला’. समोरच्याच्या पडद्यावर मात्र पोरगा केव्हाच पाठीवर पडला होता, आणि सर्व्हरवर निकाल समोरच्याच्याच बाजूने लागला.

एकाच सामन्यात दोन वेगळ्या कुस्त्या झाल्या होत्या.

‘समोरचा हवेत हात मारतो’ हे त्याने आठवड्यापूर्वी एकदा लिहिलं होतं. हॉस्टेलचं वायफाय खराब असेल म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. ते वाक्य शोधून काढलं आणि पुन्हा वाचलं.

दुपारी ४.३० ते रात्री ८.००

आधी हे चालतं कसं ते सांगायला हवं. त्या सामन्यातला समोरचा गडी ठाण्याचा. नागपूरला दाबलेलं बटण ठाण्याला पोचायला तीन-चार फ्रेम लागतात. जुन्या पद्धतीत दोन्हीकडचे खेळ एकमेकांसाठी थांबायचे आणि हाताला जडपणा यायचा. रोलबॅक पद्धतीत थांबत नाहीत. समोरचा मागच्या फ्रेमला जे करत होता तेच आत्ताही करत असेल असं गृहीत धरून खेळ पुढे जातो. अंदाज चुकला तर चार फ्रेम मागे जायचं, खरं बटण घालायचं आणि त्या चारही फ्रेम एका फ्रेमच्या वेळात पुन्हा खेळून वर्तमानात यायचं. खेळणाऱ्याला फार तर एखादं चित्र उडाल्यासारखं वाटतं. इव्हो स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टोनी कॅननने २००६मध्ये ह्यासाठी जीजीपीओ लिहिलं आणि २०१९मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्याशिवाय आमच्यासारख्या सहा जणांना इंटरनेटवरची कुस्ती लावणं शक्य नव्हतं.

ह्या सगळ्याला एकच अट आहे. दोन्ही मशीनला सारखी बटणं दिली तर दोन्हीकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखीच लढत झाली पाहिजे. एका केसाइतकाही फरक नको. दोन्हीकडचा हिशेब जुळतो का हे दर सेकंदाला ताडून पाहणारी एक तपासणी आमच्याकडे आहे. टेस्टरांना दिलेल्या बिल्डमध्ये ती बंद होती. मीच बंद ठेवली होती. तिच्यामुळे जुन्या मशीनवर खेळ अडखळायचा आणि मला लोकांची बोटं अडखळायला नको होती. चालू असती तर हे पहिल्याच रात्री सापडलं असतं.

मोठा प्रोग्रॅमर आणि मी शेजारी शेजारी बसलो. आधी दशांश चिन्हांवर संशय घेतला, वेगळे प्रोसेसर बारीक आकडे वेगळे गोल करतात म्हणून. पण आमच्या लढतीत सगळे पूर्णांकच आहेत, ती खबरदारी पहिल्या महिन्यातच घेतली होती. मग मागे जाताना काही जपून ठेवायचं राहतंय का ते पाहिलं. दोन तास गेले, काही नाही. ऑफिसच्या चारही मशीनवर ती नोंद चालवली. चारही ठिकाणी पोरगा पडत होता, चारही ठिकाणी नववी फ्रेम.

साडेसातला चहा आला. व्हिडिओ अजून एका कोपऱ्यात फिरत होता. धाकटी कप हातात घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, ‘ताई, त्याच्याकडे माती कमी उडते.’

तिच्याकडे वळून बघितलं. खरंच, आमच्याकडे मल्ल पडला की धुरळ्याने त्याचे पाय दिसेनासे होतात. त्याच्या पडद्यावर चार-पाच ठिपके उडून विरत होते. जुना लॅपटॉप, त्याने सेटिंगमध्ये धूळ ‘कमी’वर ठेवली होती.

प्रोग्रॅमरने कप खाली ठेवला. बोलला काही नाही. सेटिंग उघडली, धूळ कमी केली आणि तीच नोंद चालवली. तिसरी फेरी. १८. मल्ल उठला, दोन फ्रेम उशिरा उठला. पकड दोन फ्रेम उशिरा बसली. बटण सातव्या फ्रेमला पडलं.

पिवळं ‘तोड’ झळकलं.

रात्री ८.२०

कारण कळल्यावर समजावायला सोपं आहे. पडलेला गडी नेमका कधी उठेल हे समोरच्याला पाठ होऊ नये म्हणून उठण्याच्या वेळेत आम्ही शून्य ते तीन फ्रेमचा फरक ठेवला आहे. तो फरक खेळ जणू पत्ता ओढून ठरवतो. सामना सुरू होताना दोन्ही मशीनला एकसारखे पिसलेले पत्ते मिळतात, त्यामुळे दोन्हीकडे तोच पत्ता निघतो आणि लढत सारखी राहते. फार पूर्वी कुणीतरी, बहुधा घाईच्या एका रात्री, धुळीचा कण कुठल्या दिशेने उडावा हेसुद्धा त्याच पत्त्यांमधून ओढायला लावलं होतं. पूर्ण धुळीला २४ कण, २४ पत्ते. कमी धुळीला आठ. मल्ल एकदा मातीत पडला की नागपूरचे आणि ठाण्याचे पत्ते वेगळे. पहिल्या दोन पडण्यांत दिसलं नाही, कारण उठणाऱ्याने उठल्या उठल्या काही केलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने पकड टाकली.

आमच्या ऑफिसची सगळी मशीन चांगली आहेत. धूळ कमी करायची वेळ आमच्यातल्या कुणावर आलीच नव्हती.

दुरुस्ती छोटी होती. धुळीला तिचे वेगळे पत्ते दिले. तेवढ्यासाठी पाच मिनिटं पुरली. मग ज्या ज्या गोष्टी फक्त दिसण्यासाठी आहेत, घाम, फेट्याचे शेमले, मागे बसलेल्या प्रेक्षकांचे हात, त्या सगळ्या तपासल्या. फेट्याचा शेमलासुद्धा त्याच पत्त्यांतून ओढत होता. तोही सोडवला. ताडून पाहणारी तपासणी सगळ्यांसाठी चालू केली आणि ती जड होती म्हणून तिला हलकं करण्याचं काम प्रोग्रॅमरने उद्याच्या यादीत पहिलं लिहिलं. आजवर जमा झालेले सगळे सामने रात्रभर एकदा पूर्ण धुळीत आणि एकदा कमी धुळीत चालवायला लावले. सकाळपर्यंत कळेल कुणाकुणाची कुस्ती अशी फाटली होती. सर्व्हरवरचा त्या सामन्याचा निकाल पुसला.

धाकटीला म्हटलं, ‘तू पाहिलंस म्हणून सापडलं.’ ती एकदम गप्प झाली आणि मग घरी फोन करायला गॅलरीत गेली.

रात्री ९.४०

नवा बिल्ड चढला. सकाळचा न पाठवलेला मेसेज अजून तिथेच होता. तो पुसला आणि लिहिलं:

‘तू दाबलं होतंस. सातव्या फ्रेमला. चूक आमची होती, आज सापडली. आठवड्यापूर्वी हवेत हात मारण्याबद्दल लिहिलं होतंस तेही खरं होतं, मी लक्ष द्यायला हवं होतं.’

काही वेळ तो टाइप करतोय असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं.

‘ठीक आहे ना ताई. मला वाटलंच होतं.’ आणि मग, ‘आता खेळता का?’

बॅग खांद्यावरून खाली ठेवली. माझ्या मशीनवर धूळ कमीवर आणली, मल्ल घेतला आणि त्याला सामन्याचं बोलावणं पाठवलं. समोर त्याचा लाठीवाला उभा राहिला. घड्याळ सुरू व्हायच्या आत मी शड्डू ठोकला.